पाणी कुठे मुरतं?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वाड्या इतक्या आहेत की ‘ठाकुरवाडीला सोडा’ म्हणणाऱ्या माणसाकडे रिक्षावाला आधी दयेने बघतो आणि मग विचारतो, “कुठली? वरची, खालची, का डोंगराच्या पलीकडची?” रेल्वेनेही या गोंधळात आपली भर घातलेली आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या घाटात पळसदरी आणि जांबरुंगनंतर एक ठाकुरवाडी येते. तिथे तिकीट काढून उतरायची सोय नाही, पण नाव मात्र ऐटीत पाटीवर आहे.

या सगळ्या वाड्यांचं एका बाबतीत एकमत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्या डोक्यावर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि एप्रिलात त्याच वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन झऱ्याचा तळ खरवडतात. काळा दगड पाणी धरत नाही. उल्हास आणि पाताळगंगा ते घेऊन चालू लागतात. धरलं ते दुसऱ्यांनी. टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधले, 1915 साली खोपोलीत आणि 1922 साली भिवपुरीत ते पाणी नळांतून खाली सोडून वीज केली. भिवपुरीचं पाणी पुढे राजनाल्यातून फिरतं आणि कर्जतच्या सपाटीवरचा शेतकरी त्यावर उन्हाळी भात काढतो. मोरबे धरण खालापुरात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईत. वाडी उंचावर असल्यामुळे तिला या सगळ्याचा देखावा मात्र उत्तम दिसतो.

अशा मुलखात ‘अंगात पाणी साठलंय’ ही तक्रार ऐकू यावी म्हणजे कमाल झाली. पण ती ऐकू येते, आणि दोन अगदी वेगळ्या तोंडांतून.

पहिलं तोंड शुक्रवारी रात्री मोटारीतून उतरतं. कर्जतच्या फार्महाऊसांवर हल्ली लोक नुसते आराम करायला येत नाहीत, ‘वॉटर वेट’ उतरवायला येतात. काचेच्या बरणीत काकडीच्या चकत्या आणि पुदिना तरंगत असतो. दोन दिवस भात बंद, पोळी बंद, मीठ नावापुरतं. रविवारी संध्याकाळी काट्यावर दोन किलो कमी भरतात आणि पाहुणा बरणीला नमस्कार करायच्या बेतात येतो. त्यात बरणीचं कर्तृत्व शून्य. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा, चारपाचशे ग्रॅमचा. त्यातला एकेक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगून असतो. पिष्टमय पदार्थ बंद केले की साठा संपतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी बाहेर पडतं. काटा खोटं बोलत नाही, पण चरबीबद्दल तो काहीच बोललेला नसतो. परतीच्या वाटेवर कर्जत स्टेशनवरचे दोन वडापाव, सोमवारी घरचा वरणभात, आणि मंगळवारपर्यंत ते दोन किलो सामानसुमानासह परत मुक्कामाला.

दुसरं तोंड त्याच फार्महाऊसच्या फाटकाशी बसलेलं असतं. वाडीतला चाळिशीतला गडी, आता इथला वॉचमन. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो गुरांमागे दिवसभर डोंगर तुडवायचा. आता बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर असतो, पायांत मालकाने दिलेले बूट आणि मोजे. संध्याकाळी मोजे काढले की पोटरीवर इलॅस्टिकची रेघ खोल उमटलेली आणि घोटा गायब. त्याचा संशय बोअरच्या पाण्यावर. बायकोचा संशय त्याच्या बुडावर. “बसून बसून सुजलाव,” ती म्हणते. आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचा निकाल तयारच असतो, “पानी कमी पी, म्हंजे सूज उतरंल.”

तिघांत बायको बरोबर आहे, हे वाचकांपैकी विवाहितांना वेगळं सांगायला नको.

साठ किलोच्या माणसात साधारण छत्तीस लिटर पाणी असतं. त्यातलं चोवीसएक लिटर पेशींच्या आत, तीन लिटर रक्ताच्या द्रवात, आणि उरलेलं नऊ लिटर पेशींच्या फटींत, ना रक्तात ना पेशीत. सुजेचा सगळा संसार या मधल्या नऊ लिटरांचा. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या सतत पाझरत असतात आणि त्या पाझरल्याच पाहिजेत, नाहीतर पेशींना खायला कोण देणार? रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात. ही रस्सीखेच लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने 1896 साली मांडली. बाहेर उरलेलं जादा पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या बुडाशी रक्तात परत ओततात. दिवसाला काही लिटरांचा हा उद्योग कसलाही गाजावाजा न होता चालू असतो. मूत्रपिंडं तर दिवसाकाठी सुमारे 180 लिटर गाळतात आणि त्यातलं दीडएक लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. इतकी उलाढाल असलेल्या खात्यात दोन-तीन लिटर इकडचे तिकडे झाले तर चटकन समजतही नाही. सर्वांगावर सूज डोळ्यांना दिसू लागते तेव्हा तेवढं पाणी आधीच मुरलेलं असतं.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटऱ्या करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईचा हा पंप अखंड चालू असतो. तिचे गुडघे कुरकुरतात, मान अवघडते, पण घोटे शाबूत राहतात. खुर्चीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याचा पंप बंद, आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मात्र पगारी सुट्टीसुद्धा घेत नाही. त्यात एप्रिल. कर्जतचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, उष्म्याने त्वचेखालच्या वाहिन्या सैलावतात आणि पाझर वाढतो. उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. तासातून एकदा उठून फाटकापासून विहिरीपर्यंत जाऊन यावं, खुर्चीवर बसल्या बसल्या टाचा वर-खाली कराव्यात, रात्री बाजेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवाव्यात. विटांना फार्महाऊसच्या बांधकामात तोटा नाही.

पाणी कमी पिण्याचा आईचा सल्ला मात्र उलटा पडतो. पाणी तोडलं की मेंदू घाबरतो आणि मूत्रपिंडांना आखडता हात घ्यायचा हुकूम सोडतो. निरोगी माणसाची सूज तहान मारून उतरत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाला डॉक्टर पाण्याचं माप घालून देतात ते वेगळं. ते माप त्याच्यापुरतं असतं, शेजाऱ्याला उसनं देण्यासाठी नसतं.

पाणी दोषी धरायच्या आधी त्याला थांबवून कोणी ठेवलं ते बघायला हवं. आणि इथे बोट जातं मिठाकडे.

शरीर आपल्या द्रवांचा खारटपणा काटेकोर सांभाळतं. नऊ ग्रॅम मीठ अंगात राहिलं तर ते खारट पडू नये म्हणून सुमारे एक लिटर पाणी सोबतीला ठेवलं जातं. म्हणजे काट्यावर एक किलो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपण त्याहून बरंच जास्त खातो आणि वर पापड भाजतो.

वाडीत तर मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. पावसाचे चार महिने बाजार लांब, मासेमारी बंद, म्हणून सुकट, जवळा, बोंबील, खारं सगळं भरून ठेवायचं. यातही जातिभेद आहे. बोंबील आणि जवळा बहुतेक नुसत्या उन्हात वाळतात, म्हणून त्यांच्या माथी मिठाचं सगळं पाप मारणं बरं नाही. खारवलेला बांगडा मात्र मिठातच मुरलेला असतो. बाहेर धो धो पाऊस, चुलीवर तांदळाची भाकरी आणि निखाऱ्यावर खारा बांगडा. या क्षणी जागतिक आरोग्य संघटनेचं नाव काढणाऱ्याला कुठल्याही घरात दुसरी भाकरी मिळणार नाही. खारं रात्रभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवलं तर बरंच मीठ निघून जातं. सुगरणी हे करतातच, फक्त ‘खारटपणा जावा’ म्हणून करतात. डॉक्टरांना श्रेय द्यायची त्यांना गरज वाटत नाही.

चरकसंहितेत सुजेवर दोन ठिकाणी विस्तार आहे: सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात आणि चिकित्सास्थानाच्या बाराव्यात. चिकित्सास्थानात सूज आलेल्याने काय काय वर्ज्य करावं त्याची भली मोठी यादी आहे. पाण्यातल्या प्राण्यांचं मांस नको, वाळवलेलं मांस नको, नवं धान्य नको, गुळाचे पदार्थ नकोत, दही नको, मद्य नको, दिवसाची झोप नको. म्हणजे बोंबील दोन कलमांखाली सापडतो, पाण्यातला म्हणून एक आणि वाळवलेला म्हणून दुसरं. रविवारच्या फार्महाऊसवरचा पाहुणा याच यादीच्या शेवटच्या दोन कलमांत अडकतो. त्याची जामिनावर सुटका कठीण.

पण मिठाचा सर्वांत सभ्य वेष म्हणजे सलाईन. भाताची लावणी संपते, कंबर मोडते, अंग फणफणतं, आणि गडी-माणसं दवाखान्यात रांग लावून एकच मागणी करतात, “डाक्टर, बाटली लावा.” गोळी देणारा डॉक्टर गरीब, बाटली लावणारा खरा. त्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दिवसभराच्या शिफारशीचा जवळजवळ सगळा कोटा, आणि पोषण नाममात्रही नसतं. जुलाबांनी सुकलेल्या माणसाला तीच बाटली जीवदान देते, यात शंका नाही. पण घोटे सुजलेला माणूस जेव्हा ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ती लावून घेतो तेव्हा तो रोख पैसे मोजून आणखी अर्धा लिटर सूज विकत घेत असतो. बरोबरीने अंगदुखीची सुई असेल तर दुधात साखर, कारण डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात.

अंगात पाणी साठण्याची आपल्याकडची एक फार जुनी केस राजघराण्यातली आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्र राजाने वरुणाकडे मुलगा मागितला आणि ‘झाला की तुलाच बळी देईन’ असं वचन दिलं. मुलगा झाला, रोहित. वरुण वसुलीला आला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग, दात येऊ देत. मग, दात पडू देत. मग, पुन्हा येऊ देत. मग, शस्त्र धरण्याच्या वयाचा होऊ दे. सावकाराला इतक्या तारखा देणारा दुसरा कर्जदार पुराणांत सापडणार नाही. शेवटी मुलगा धनुष्य घेऊन रानात पळाला आणि पाण्याच्या देवाने आपल्या खात्यातली शिक्षा दिली: राजाचं पोट पाण्याने फुगलं, जलोदर झाला. इकडे रोहित घरी परतायला निघाला की दर वर्षी इंद्र वाटेत भेटे आणि सांगे, परत जा, चालत राहा. वर्षानुवर्षं पोरगा रानोमाळ चालला. सूज बापाला आणि चालण्याचा सल्ला मुलाला, ही चूक आजच्या एखाद्या बाह्यरुग्ण विभागातही शोभून दिसेल. पुढे शंभर गायी देऊन शुनःशेप नावाचा दुसरा मुलगा बळी द्यायला विकत आणला गेला. त्याने खांबाला बांधलेल्या अवस्थेत देवांची स्तुती केली, एकेक पाश सुटत गेला आणि एकेका ऋचेसरशी राजाचं पोट उतरत गेलं.

खऱ्या जलोदराला ऋचा पुरत नाहीत. रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन यकृत बनवतं. हातभट्टीच्या दारूने यकृत दगड झालं की अल्ब्युमिन घटतं, यकृतातून जाणाऱ्या रक्ताची वाट तुंबते आणि पोटात लिटरच्या लिटर पाणी जमतं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा माणूस दिसला की वाडीतली शहाणी माणसंही ‘लागलं त्याला’ म्हणून भगताची वाट धरतात. भगताने मोरपीस फिरवायला हरकत नाही. फक्त तो ‘दारू सोड’ हेही म्हणाला तर अर्धं काम होईल, कारण त्याचं ऐकतात.

सूज ओळखायचं सर्वांत स्वस्त यंत्र प्रत्येकाच्या हाताला जन्मतः लावून मिळतं. नडगीवर किंवा पावलावर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. खड्डा राहिला तर पाणी. हीच चाचणी अंगणवाडीत लहान मुलांची करतात, आणि तिथे विनोद थांबतो. दोन्ही पावलांवर असा खड्डा पडणारं मूल, बाकी काही न मोजता, तीव्र कुपोषित धरलं जातं; दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरण्याची वाट पाहायची नसते. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी 1933 मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, असल्या मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. अशा मुलाचे गाल टम्म दिसतात, पावलं भरलेली दिसतात, आणि आजी कौतुकाने म्हणते, बाळसं धरलंय. ते बाळसं नसतं. कर्जत तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांत कुपोषण ही जुनी आणि अजून न संपलेली गोष्ट आहे, आणि आजीच्या त्या एका शब्दाने दवाखान्याची खेप आठवडाभर लांबते.

गरोदरपणात सूज पहिल्यांदा ओळखतो तो कासार. सव्वादोनच्या बांगड्या महिन्याभरात अडीचवर गेल्या की तो हसून म्हणतो, “पोरगी अंग धरतेय.” पावलांवर थोडी सूज बहुतेकींना येते आणि बाळंतपणानंतर ती उतरते. पण वीस आठवड्यांनंतर चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे चमकू लागलं आणि रक्तदाब 140/90 च्या वर गेला, तर कासाराचं ऐकायचं नाही, आशाताईचं ऐकायचं. ती हातगाडीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना कामाला लावून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरते. जिथे रस्ताच नाही तिथे झोळी करावी लागते. पावसाळ्यात 108 ची गाडी डांबर संपतं तिथे उभी राहते आणि झोळी तिच्यापर्यंत चिखलातून येते.

एकच पाय सुजला तर प्रकरण निराळं. हृदय आणि मूत्रपिंडं पक्षपात करत नाहीत, दोन्ही पायांना सारखं वागवतात. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते आणि ती चोळायची नसते. भाताच्या खाचरात एका पायावर दोन ठिपके आणि चढत जाणारी सूज असली तर घोणस किंवा फुरसं आठवावं. भगताऐवजी गाडी गाठावी. वर्षानुवर्षं एकच पाय वाढत गेला तर हत्तीरोग. त्याच्या जंतूंची खोड अशी की ते रक्तात रात्रीच फिरायला निघतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रक्त घ्यायला रात्री साडेआठनंतर दार वाजवतात. दिवसभर राबून झोपलेल्या माणसाला उठवून त्याचं बोट टोचणाऱ्याला वाडीतली कुत्री काय समजतात, ते त्या कर्मचाऱ्यांना विचारावं. आणि दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सुजतात त्या चिखल्या. त्यांना वरच्या कशाशीही देणंघेणं नाही. पाय कोरडे ठेवावेत आणि कोकमतेल लावावं.

याच जिल्ह्यात, दक्षिणेला महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाण्याने सर्वांत भलती जागा धरलेली एका तरुण डॉक्टरने पाहिली. 1970 च्या दशकात हिंमतराव बावस्कर तिथे नोकरीला होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं काही तासांत गुदमरून मरत होती. विषाने हृदय कोलमडायचं आणि पाणी थेट फुप्फुसांत शिरायचं. तोंडातून फेस यायचा. बावस्करांची निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध या रुग्णांना देऊन पाहिलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाला मात्र अजून चपलेखालीच मान मिळतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. अम्लोडिपिन ही देशभर दिली जाणारी गोळी. दाब उत्तम उतरवते आणि कित्येकांचे घोटे चढवते. शिबिरात गोळ्या मिळतात, महिन्याने पाय सुजतात, आणि माणूस दोहोंचा संबंध न लावता सुजेसाठी दुसरी गोळी मागतो. गोळी परस्पर बंद करणं वाईट. डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. त्यासाठी आधी ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ याचं उत्तर ‘एक पांढरी, एक गुलाबी’ यापेक्षा थोडं सविस्तर द्यावं लागतं.

वाडीचं स्वतःचं औषध पहिल्या पावसाबरोबर बांधावर पसरतं: घेटुळी, म्हणजे वैद्यांची पुनर्नवा. उन्हाळ्यात दिसेनाशी होते, आषाढात पुन्हा हजर. तिची पालेभाजी करतात आणि काढाही. लघवी सुटते हे अनुभवाचं, आयुर्वेदात तिच्या नावाचे काढे आणि मंडूर आहेत. म्हाताऱ्या बायकांच्या औषधाला हसू नये, याला इंग्लंडातला दाखला आहे. विल्यम विदरिंग या डॉक्टरला 1775 साली श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा सुजेवरचा काढा दाखवण्यात आला. त्यात वीसहून जास्त वनस्पती. त्याने ताडलं की काम करणारी एकच आहे, डिजिटॅलिस. दहा वर्षं मात्रा जुळवून 1785 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, आणि त्या कुळातलं औषध हृदयरोग्यांना आजही दिलं जातं. विदरिंगच्या पुस्तकाचा अर्धा जीव मात्रेत आहे. जास्त झाली तर तेच झाड मारतं. म्हणून हृदयाची सूज असलेल्याने घेटुळीची भाजी खुशाल खावी, पण डॉक्टरच्या गोळ्या भाजीत जिरल्या असं समजू नये.

त्या गोळ्यांत एक असते ‘लघवीची गोळी’. तासाभरात काम सुरू करते आणि पाचसहा तास उसंत देत नाही. कर्जतहून मुंबईला कामाला जाणाऱ्याने ती सकाळी घेऊन लोकल पकडली की पुढे शंभर किलोमीटर, दोन तासांच्या आसपास, आणि डब्यात शौचालय नाही. 1909 मध्ये बंगालकडच्या अखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने फणस खाऊन पोट फुगल्याची आणि गाडी चुकल्याची तक्रार रेल्वेला इंग्रजीत लिहिली होती. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि गाड्यांत संडास आले ते त्याच्यामुळे, असं सांगतात. मुंबईच्या लोकलपर्यंत ते पत्र अजून पोचलेलं नाही. गोळीची वेळ बदलून मिळते, डॉक्टरांना फक्त विचारायचं असतं. पण विचारण्याऐवजी लोक गोळीच सोडतात आणि सूज बदलापूरच्या पुढे त्यांच्याबरोबर प्रवास करते.

आडवं झाल्यावर धाप लागते, रात्री दचकून उठून बसावं लागतं, तर विटा बाजेच्या पायथ्याखाली नव्हे, उशाखाली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या आणि लघवी फेसाळ, तर मूत्रपिंडाची तपासणी. अशा रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, आणि वेळ न घालवता कळवायचं असतं. सल्ला सोन्यासारखा. पण वाडीत काटा कुठे? अंगणवाडीतला झोळीचा काटा बाळांचा. रेशन दुकानातल्या काट्यावर दुकानदार स्वतःशिवाय कोणाला चढू देत नाही. राहते भाताची गिरण.

म्हणून हृदयाची गोळी चालू असलेली एखादी म्हातारी रोज सकाळी काठी टेकत गिरणीत येते आणि पोत्यांच्या काट्यावर उभी राहते. गिरणीवाला आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवतो. भात खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांहून जास्त ओल निघाली तर पोतं परत पाठवतात, हे त्याला पाठ असतं. म्हातारीच्या अंगात सुजेशिवायही निम्म्याच्या आसपास पाणीच आहे, हे त्याला आशाताईने नुकतंच सांगितलेलं असतं.

“आजी, ओल लई आहे तुमच्यात,” तो म्हणतो. “कापून लिहू का?”

“काप,” म्हातारी काट्यावरून उतरत म्हणते, “पन माझ्या सुकटीतलं काय कापू नगं.”